लेलँडची गाडी, लाह्यांचा ट्रेलर आणि तुमचा कोट

वेसेली, नेब्रास्का
जून महिना, मंगळवार. वारा नेहमीचाच.

प्रिय हार्लनभाऊजी यांस,

रोझेलाचा नमस्कार. तुम्ही आणि अर्डिथ दोघंही धडधाकट असाल, तुमचा गुडघा तुमचं ऐकत असेल आणि परवाच्या गारांनी तुमच्याकडच्या खिडक्या सोडल्या असतील, अशी आशा करते. इकडे गारा पडल्या, पण लहान. माझं म्हणाल तर मी बरी आहे. रक्तदाब डॉक्टरांना आवडेल इतका आहे आणि झोप मला आवडेल इतकी नाही. लेलँड गेला त्याला हा दुसरा उन्हाळा. त्यानं गॅरेजचा दिवा आणि रेडिओ एकाच बटणावर जोडून ठेवले होते, ते मी अजून वेगळे केलेले नाहीत. त्यामुळे दिवा लावला की धान्याचे भाव सुरू होतात. माझ्याकडे एक मूठभर सोयाबीन नाही, पण आजचा सोयाबीनचा भाव कुणीही झोपेतून उठवून विचारावा, मी सांगेन.

तुमचं पत्र मिळून पंधरवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण मध्यंतरी मी अडकले होते. (हे खरोखरचं अडकणं. पुढे येईलच.) ऑक्टोबरात तुमचा सपाट पाठीचा ट्रक घेऊन याल, लेलँडची अर्धवट गाडी घेऊन जाल, तुमच्या शेडमध्ये पुरी कराल आणि "एका बाईच्या गळ्यात ही ब्याद नको" असं तुम्ही लिहिलंत. मनात काळजी असल्याशिवाय माणूस एवढं लिहीत नाही, हे मी ओळखते. पण भाऊजी, त्रास घेऊ नका. ब्याद माझ्या गळ्यात छान बसली आहे. ती मीच पुरी करतेय, आणि ऑक्टोबरात नाही, सप्टेंबरात. (तुमचा कोट मात्र इथेच राहिलाय. स्वयंपाकघराच्या दारामागे. नेब्रास्कात फेब्रुवारी महिन्यात दफनविधीहून कोट विसरून निघणारा माणूस किती घाईत असेल, याबद्दल मी अर्डिथजवळ काही बोललेले नाही. पोस्टाने पाठवायचा आहे, पण खोकं हाताशी असतं तेव्हा कोट आठवत नाही आणि कोट आठवतो तेव्हा खोकं नसतं.)

सप्टेंबरच का, ते सांगते, कारण तुम्ही बरीच वर्षं प्लॅट नदीकाठच्या मेळ्याला आला नाहीत. जुन्या गाड्या कापून-जोडून वेगवान करणारी सगळी मंडळी तिथे जमतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. लेलँडची जागा कॉटनवुडच्या झाडाखाली. त्या जागेवर लेलँडची गाडी कधीच उभी राहिली नाही, पण लेलँड मात्र दरवर्षी घडीची खुर्ची टाकून बसायचा आणि गाडीचा एकेक भाग शेजारी मांडायचा. एका वर्षी स्टीअरिंग. एका वर्षी समोरची जाळी, पॉलिश करून झाडाला टेकवलेली. एका वर्षी नुसता आरसा. त्या वर्षी त्याच्या पाठीचं दुखणं चाललं होतं. लोक विचारायचे, "काय लेलँड, बाकीची कुठाय?" आणि हा म्हणायचा, "पुढच्या वर्षी." त्याला हप्त्याहप्त्याचा लेलँड म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. गेल्या वर्षी मंडळींनी ती जागा रिकामी ठेवली. कुणीतरी त्याची खुर्ची तेवढी उघडून ठेवली होती. पण जागेसाठी नवीन माणसं रांगेत आहेत, आणि यंदा तिथे गाडी आली नाही तर झाडाखालची जागा दुसऱ्याला जाईल, असं मला मेळ्याच्या लोकांनी फार हळुवारपणे सांगितलं. मेळ्याचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे: फाटकातून आत येताना गाडी आपल्या इंजिनावर आली पाहिजे. ओढून आणलेली गाडी, मग ती कितीही सुंदर असो, फाटकाबाहेर. तेव्हा एवढंच काम आहे. एकदा ते फाटक ओलांडायचं.

मेळा इथून लांब आहे आणि रात्री तिथेच राहायचं असतं, म्हणून लेलँड गेला त्याच्या आदल्या वर्षी त्यानं एक सामानाचा बंद ट्रेलर घेऊन ठेवला होता. मागे गाडी, पुढे पलंग, असा त्याचा बेत. ट्रेलर आधी जत्रांमधून मक्याच्या लाह्या विकणाऱ्या माणसाचा होता. त्यावरचा रंग मी तीन वेळा खरवडला, तरी ऊन चढलं की "गरमागरम" हा शब्द वर येतोच. आणि वास. लाकूड बदललं, पत्रे धुतले, पण पाऊस पडला की लोण्याचा वास सुटतो आणि गल्लीतली कुत्री येऊन आदरानं बसतात. मागच्या महिन्यात पेट्रोल पंपावर उभी होते तर माझ्यामागे माणसं रांगेत लागली. मी म्हटलं, "लाह्या नाहीत." त्यावर एक बाई म्हणाली, "मग नुसतं सरबत असलं तरी चालेल."

आतलं सगळं काम माझ्या हातचं आहे. तुम्हाला माहीतच आहे की माझी शाळा आठवीत संपली आणि उरलेलं शिक्षण मी ग्रंथालयातून घरी आणलं, एका वेळी पिशवीभर. सुतारकामाचं पुस्तक आणलं, विजेच्या जोडणीचं आणलं, वेल्डिंगचं आणलं. (वेल्डिंगच्या पुस्तकातल्या चित्रांत जोड सरळ रेषेत असतो. माझा जोड कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखा दिसतो. पण हातोड्यानं मारून पाहिलं, सुटत नाही.) भिंतींना थंडीसाठी अस्तर घातलं. समोर पलंग, भिंतीला घडी होणारा. एक छोटी शेगडी. आणि दोन्ही बाजूंना, पुढपासून मागपर्यंत, ओकची कपाटं. सेंट प्रोकोपचं चर्च बंद झालं तेव्हा बाक विकायला काढले होते, त्या लाकडाची. कपाटांची दारं लावताना करकरतात ती अगदी प्रवचन लांबल्यावर बाक करकरायचे तशी. गाडी मध्ये बसेल ना, म्हणून आधी गाडीची रुंदी मोजली. दोनदा मोजली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवली आणि मग कपाटं ठोकली. हे मोजमाप लक्षात ठेवा.

आता गाडी. चौतीस सालच्या फोर्डचा तो सांगाडा तुम्ही दोघांनी मिळून ओढ्यातून वर काढला होता, तेव्हा तुम्हाला तिची ओळख सांगायला नको. छप्पर लेलँडनं तुमचं दोघांचं बिनसण्याआधी कापून खाली बसवलं. तुम्ही त्या दिवशी गॅरेजच्या दारात उभं राहून म्हणालात, "फारच कापलंय." खरं आहे. खिडक्या पत्रपेटीच्या फटीएवढ्या राहिल्यात आणि गाडी कुणीतरी टोपी डोळ्यांवर ओढून झोपल्यासारखी दिसते. पण त्यानं कापलं तसंच मी ठेवलंय. बाकी ब्रेक मी बसवले, तारा मी ओढल्या, सीटला कापड बर्नाडीननं शिवलं (माझी शेजारीण, तुम्हाला आठवेल, तिनं तुम्हाला दफनाच्या दिवशी तीन वेळा कोलाचे, फळं भरलेले गोड पाव, वाढले होते). रंग लेलँडनं ठरवलेलाच, पिकलेल्या आलुबुखाराचा.

राहिलं इंजिन. इंजिनावरून तुम्हा दोघा भावांचं जे झालं ते मी इथे उगाळत नाही. लेलँडला फोर्डचं मूळचं, जुनं सपाट डोक्याचंच हवं होतं. तुम्ही म्हणालात, शेव्हीचं टाक, निदान संध्याकाळी घरी परत येशील. तो म्हणाला, फोर्डच्या पोटात शेव्ही घालणारा माणूस माझा भाऊ नाही. तुम्ही म्हणालात, बरं. तुमच्या वडिलांच्या ट्रकचं सपाट डोक्याचं इंजिन तुम्ही तुमच्या शेडमध्ये घेऊन गेलात, लेलँडनं लिलावातून दुसरं आणलं, आणि त्यानंतर इतकी वर्षं नाताळच्या कार्डांवर फक्त अर्डिथच्या आणि माझ्या सह्या. असो. इंजिनाचं पुढे लिहिते.

आता अडकण्याचं. मागच्या गुरुवारी मी ठरवलं की गाडी ट्रेलरमध्ये चढवून बघावी. ट्रेलर गॅरेजमध्येच गाडीच्या पुढे लावलेला, मागचं तोंड गाडीकडे आणि रस्त्याकडे. ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला लेलँडनं विंच बसवून ठेवलंय, तार गुंडाळत गाडीला आत ओढणारं. (तुम्ही म्हणाल, स्वतःची गाडी आहे तर चालवत चढवायची, तारेनं कशाला ओढायची? इंजिनाचं पुढे लिहिते असं वर म्हटलंय.) तर मी गाडीत बसले, विंचचं बटण हातात घेतलं, स्टीअरिंग धरलं, आणि गाडी अशी सुरेख आत सरकत गेली की माझे डोळे भरून आले. दोन्ही बाजूंच्या कपाटांपासून वीतभर अंतर, अगदी मोजल्याप्रमाणे. बटण सोडलं, ब्रेक ओढला आणि उतरायला दार उघडलं. ते वीतभर उघडलं आणि ओकला टेकलं.

भाऊजी, मी गाडी मोजली होती ती दारं बंद असताना.

दुसरं दार, तेच. खिडकीतून निघावं म्हटलं तर डोकं आणि एक हात कसाबसा बाहेर आला आणि उरलेल्या अंगानं साफ नकार दिला. मागची काच हातरुमालाएवढी. छतात कारखान्यातून आलेलं एक कापडाचं झाकण असायचं, ते लेलँडनं पत्रा मारून कायमचं बंद केलंय, आणि त्याचं वेल्डिंग माझ्यासारखं नाही. विंच उलटं फिरवलं तर तार नुसती सैल पडली. ट्रेलर पुढच्या बाजूला जरासा कललेला असल्यानं गाडी मागे जाईना. फोन स्वयंपाकघरात. मी हाका मारल्या. रस्त्यापलीकडे समोरच्या घरचा व्हर्जिल टोमॅटोंना पाणी घालत होता. (व्हर्जिल चाळीस वर्षं शाळेच्या बँडला शिकवायचा आणि त्याचे कान त्याच कामी आलेत. कानातलं यंत्र तो फक्त रविवारी लावतो.) तो माझ्याकडे बघून हात हलवून आत गेला.

सुदैवानं एप्रनच्या खिशात पुस्तक होतं. ध्रुवाकडे निघून बर्फात रुतलेल्या जहाजाचं. मी वाचत बसले. खरं सांगायचं तर दुपार वाईट गेली नाही. सीट लेलँडच्या पायांच्या मापाची आहे, माझे पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत. इतकी वर्षं मी त्या गाडीला बाहेरून जेवायला हाक मारली, आत कधी बसले नव्हते. आतून गॅरेजचा तो कोपरा बरोबर दिसतो जिथे तो उभा राहून विचार करायचा. मग मला शांतता नकोशी झाली म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागले.

आणि तेच कामी आलं. बर्नाडीन तिचं भांडं परत न्यायला आली होती. ट्रेलरमधून बाईचा आवाज, आणि खलाशी बूट उकडून खातायत असं काहीतरी चाललेलं. ती रॅम्पवरून वाकून म्हणाली, "रोझेला, अगं कुणाशी बोलतेयस?"

"कुणाशी नाही. अडकलेय."

"कधीपासून?"

"जहाज रुतलं तेव्हापासून."

"कपाटं तूच केलीस ना गं?"

"मीच."

"छान झालीत," असं म्हणून ती व्हर्जिलला बोलवायला गेली. व्हर्जिल आला. रस्त्यानं जाणाऱ्या पिकअपमधले दोघे शेतकरी गर्दी बघून थांबले. तिघांनी आत डोकावलं. इथल्या पुरुषांची जात तुम्हाला ठाऊक आहे: आत एक म्हातारी अडकलीय, तिला पाणी हवंय का, हे विचारायचं राहिलं बाजूला, पहिला प्रश्न हा की इंजिन कुठलं टाकणार. व्हर्जिल म्हणाला सपाट डोक्याचंच शोभेल. एकजण म्हणाला, शेव्हीला मरण नाही. दुसरा म्हणाला, त्याच्या मेहुण्याचं सपाट डोकं मक्याच्या शेतात उकळून थांबलं आणि अजून तिथेच आहे. हे बराच वेळ चाललं. शेवटी बर्नाडीन म्हणाली, "आधी बाईला काढा, मग त्या गाडीला बैल जुंपा हवं तर."

मग तिघं ट्रेलरच्या पुढच्या दारातून पलंगाखालून सरपटत आत शिरले आणि गाडीला मागे ढकलायला लागले. मी स्टीअरिंग धरून होते. व्हर्जिल ओरडला, "ब्रेक सोड." मी सोडला. तार सैल आहे हे माझ्या लक्षात होतं. ती मघाशी मीच आकड्यातून पार सुटेपर्यंत सैल केली होती, हे नव्हतं. गाडी रॅम्पवरून उलटी गॅरेजबाहेर निघाली. अंगणातून गेली, रस्ता ओलांडला आणि व्हर्जिलच्या टोमॅटोत शिरली. ब्रेक मी स्वतः बसवलेले आहेत आणि ते उत्तम लागतात, हे मी इथे नोंदवून ठेवते. माझे पाय पोचायला वेळ लागला इतकंच.

मी दार उघडलं, पूर्ण, आणि उतरले. टोमॅटोंची रोपं चाकाखाली. मी व्हर्जिलला म्हणाले, माफ कर बाबा. तो माझ्याकडे बघतच नव्हता. गाडीकडे बघत होता. म्हणाला, "रोझेला, इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा गॅरेजच्या बाहेर आली." तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. लेलँडची गाडी उन्हात उभी होती, चारही चाकांवर. उलट्या तोंडानं, पण आली होती. दोघे शेतकरी टोप्या काढून उभे राहिले, ते गाडीसाठी की टोमॅटोंसाठी मी विचारलं नाही. बर्नाडीननं माझ्या स्वयंपाकघरातून तिचं भांडं उचलून आणलं आणि म्हणाली, "हे नेते. उद्या भरून आणते."

आता सगळं दुरुस्त आहे. डावीकडचं कपाट मी काढलं, तर मागे काय निघावं? लाह्यावाल्याची विक्रीची खिडकी. माझी सुटका मीच चर्चच्या बाकानं ठोकून बंद केली होती. ती उघडली, खाली चाकापर्यंत कापली, बिजागऱ्या वर लावल्या. आता भिंतीचा तो भाग छपरीसारखा उचलला जातो, गाडीचं दार त्यातून बाहेर उघडतं आणि माणूस चारचौघांसमोर राणीसारखा उतरतो. उजवी बाजूही तशीच कापली. काल चढवून, उतरून, पुन्हा चढवून पाहिलं. झकास जमतं.

तेव्हा माझी काळजी करू नका आणि ऑक्टोबरात ट्रकही आणू नका. सगळं यथास्थित आहे. अर्डिथला माझी आठवण सांगा, गुडघ्याला ऊब द्या, आणि पत्राचं उत्तर यावेळी अर्डिथकडून न लिहवता स्वतः लिहा.

तुमची भावजय,
रोझेला कुद्रना

ता. क. इंजिनाचं पुढे लिहिते म्हटलं होतं. गाडीत इंजिन नाही. लेलँडनं लिलावातून आणलेल्या इंजिनात आधीच्या मालकानं थंडीत पाणी तसंच राहू दिलं होतं. ते गोठलं आणि इंजिनाचं लोखंडी धडच तडकलं. लेलँडला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तो दर वर्षी "पुढच्या वर्षी" म्हणायचा त्याचं कारण पैसा नव्हता आणि आळसही नव्हता. त्याला दुसरं कुठलं नको होतं.

आणखी एक. तुमच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली वडिलांच्या ट्रकचं इंजिन आहे. अर्डिथ म्हणते, दर वसंतात तुम्ही ते तेल घालून हातानं फिरवता आणि पुन्हा झाकून ठेवता. ते मला हवंय. ऑक्टोबरात नको, जुलैत हवंय, कारण बसवायला आणि सुरू करायला दोन माणसं लागतात आणि ग्रंथालयात त्यावरचं पुस्तक एकच आहे, तेही पानं गळालेलं.

अजून एक, मग संपवते. तुम्ही नाही म्हणालात तर माझा राग नाही. व्हर्जिलच्या भाच्याकडे शेव्हीचं इंजिन आहे, तो द्यायला तयार आहे. ते बसवीन, फाटकातून आत नेईन आणि झाडाखाली विचारतील त्या सगळ्यांना सांगेन की हार्लन पहिल्यापासून बरोबर होता. जिंकल्यावर कसं वाटतं ते मग मला कळवा.

शेवटचं. कोट पाठवत नाही. ट्रेलरची उजवीकडची खिडकी, म्हणजे गाडीत शेजारच्या सीटवर बसणाऱ्याची, कापायची तेव्हा माप कुणाचं घ्यावं हा प्रश्न पडला. कोट दाराच्या मागे होता. खांद्यापासून खांद्यापर्यंत मोजला, वर चार बोटं सोडली. यावेळी दार उघडं ठेवून मोजलंय.